रात्रीचा नकाशा आधी, सिमेंट मागाहून: बेघर माणसांनाही वापरता येईल अशी सार्वजनिक जागा कशी बांधावी

बेळगाव शहरात आणि निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूरसारख्या गावांत बाग, बसथांबा, देवळापुढचं आवार किंवा चौकातला कट्टा नव्यानं बांधताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते. पाहणी सकाळी अकराला होते, आराखडा दुपारी निघतो आणि रात्री अकराला तिथं कोण पथारी टाकतं हे कुणी बघतच नाही. मग बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा येतो, कट्ट्याला निसरडा उतार मिळतो, नळाला कुलूप लागतं. तिथं झोपणारा माणूस उठून गटाराच्या फरशीवर नाहीतर पुलाखाली जातो. तो बेघरच राहतो, फक्त आधीपेक्षा ओल्या आणि धोक्याच्या जागी.

प्रभागातली मंडळं, देवस्थानचे पंच, नगरसेवक आणि पालिकेची कामं घेणारे इंजिनिअर-कंत्राटदार यांच्यासाठी पुढचे टप्पे लिहिले आहेत. टप्प्यांचा क्रम मोडू नका. बिघडलेल्या बहुतेक कामांत पाचवा टप्पा, म्हणजे पक्कं काम, पहिल्यांदा उरकलेला असतो.

## कामाला लागण्याआधी: निवारा वेगळा, सार्वजनिक जागा वेगळी

निवारा म्हणजे चार भिंती, दार, अंथरूण, कपाट आणि राखणदार. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे १०० जणांचा, चोवीस तास चालणारा निवारा हवा, हे माप सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांतून आलं आणि पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवारा योजनेत उतरलं. त्या योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली होती. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. त्या मापानं शहरात जवळपास ५०० जणांची सोय लागते.

या लेखातली जागा निवाऱ्याची भरपाई नाही. छप्पर, पाणी, संडास, उजेड आणि सामान ठेवायची सोय असलेली ही सार्वजनिक जागा दिवसा सगळ्या गावाची असते आणि रात्री ज्याला दुसरा थारा नाही त्याला तिथं अंग टाकता येतं. ठराव करताना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. नाहीतर कट्टा बांधून झाला की निवाऱ्याची फाइल बंद होते.

सावधान: कर्नाटक भिक्षाटन प्रतिबंधक कायदा, १९७५ खाली चालणारी, भीक मागणाऱ्यांना पकडून ठेवणारी निराश्रित परिहार केंद्रं ही तिसरीच गोष्ट. रस्त्यावर झोपणं म्हणजे भीक मागणं नव्हे. मोजणीला जाताना त्या केंद्राची माणसं किंवा गाडी बरोबर नेलीत, तर त्या रात्री तर नाहीच, पुढचे कित्येक महिने तुमच्याशी कुणी बोलणार नाही.

## १. रात्रीची मोजणी

जनगणनेत बेघर माणसांची मोजणी एका रात्रीत होते. २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशाच्या आकड्याला ते चालतं. तुमच्या चौकाला चालत नाही, कारण फेब्रुवारीत आपल्याकडं पाऊस नसतो आणि ऊसतोडीचा हंगाम अजून चालू असतो. जुलैतली रात्र अगदी वेगळी दिसते.

किती वेळा: तीन रात्री. एक साध्या वारी, एक आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री, एक पावसाच्या झडीत.

केव्हा: रात्री ११ ते १, आणि त्याच जागी पहाटे ४ ते ५. अकराच्या आधी माणसं जागेवर आलेली नसतात. पाचनंतर हमाल, झाडूवाले आणि हॉटेलांत काम करणारी पोरं निघून जातात.

कोण: तिघांचा गट. एक बाई, एक चांगलं कन्नड बोलणारं माणूस, आणि त्या भागात रात्री वावरणारा कुणी ओळखीचा, म्हणजे चहागाडीवाला, रिक्षावाला नाहीतर यार्डातला हमाल. बेळगावात एकाच पायरीवर मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं शेजारी शेजारी झोपतात. "जेवलात का?" आणि "ऊटा आतेन्री?" या दोन वाक्यांनी बोलणं सुरू होतं. आधार कार्ड विचारलंत की ते तिथंच संपतं.

कुठं: रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक, सिव्हिल हॉस्पिटलचं आवार, एपीएमसी यार्ड, कपिलेश्वर परिसर, खडे बाजार, गणपत गल्ली आणि रविवार पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्या, उड्डाणपुलांखालच्या जागा. तालुक्याच्या गावी बसस्थानक, सरकारी दवाखाना, देवळाचा मंडप आणि कारखान्याच्या वाटेवरची मोकळी जागा.

नोंदवहीत नावाचा रकाना ठेवू नका. ठिकाण, वेळ, बाई-पुरुष-मूल, अंदाजे वय, पाठीशी काय, डोक्यावर काय, उजेड कुठून येतो, सर्वांत जवळचं पाणी आणि संडास किती पावलांवर, सामान कुठं ठेवलंय, इतकं पुरे. फोटो काढायचा नाही. टॉर्च तोंडावर मारायचा नाही, जमिनीवर धरायचा.

या नोंदींत सगळ्यांत मोलाचे रकाने म्हणजे "पाठीशी काय" आणि "डोक्यावर काय". खडे बाजारातली एखादी दुकानाची पायरी नीट बघा. शटर पडल्यावर पुढं तीन-साडेतीन फुटांची फरशी उरते. माणूस शटरला पाठ लावून आडवा होतो, म्हणजे मागून कुणी येत नाही. वर सज्जा असतो. रस्त्याच्या दिव्याचा उजेड पायांवर पडतो, डोळ्यांवर नाही. चपला उशाला घेतलेल्या असतात आणि पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला असतो. पाठ, छप्पर, डोळ्यांत न जाणारा उजेड आणि सामानाची राखण, या चार गोष्टींसाठी त्यानं ती पायरी निवडलेली असते. तुमच्या नव्या जागेत यातली एकही कमी पडली तर तो पायरीवरच राहील आणि लोक म्हणतील, "सोय केली तरी येत नाहीत."

तपासा: तीन रात्रींत बायका जवळजवळ दिसल्याच नाहीत? म्हणजे मोजणी चुकली. एकट्या बायका उघड्यावर आडव्या होत नाहीत. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात रुग्णाच्या नातेवाइकांत मिसळून, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये किंवा देवळाच्या ओवरीत बसून रात्र काढतात. गटातल्या बाईनं त्या जागा पुन्हा फिरून बघाव्यात.

## २. दिवसाचा माग

रात्री भेटलेल्यांपैकी आठ-दहा जणांना, त्यांची तयारी असेल तरच, दुसऱ्या दिवशी भेटा. पहाटे उठल्यापासून कुठं कुठं जातात ते कागदावर काढून घ्या. संडास, अंघोळ, चहा, कामाचा नाका, जेवण, दवाखाना, पुन्हा झोपायची जागा.

एवढ्यानं गरजा वेगळ्या होतात. यार्डातल्या हमालाला पहाटे चारला कामाच्या दारात असावं लागतं, त्याला तीन किलोमीटरवरची सोय बिनकामाची. चंदगड किंवा खानापूरहून रुग्ण घेऊन आलेल्या घरच्यांना आठ-पंधरा दिवसांची गरज असते, पण हॉस्पिटलच्या फाटकापासून लांब जाता येत नाही. हातगाडीवाल्याला गाडीजवळच झोपायचं असतं. म्हातारी आजी दिवसाही तिथंच असणार, तिला सावली आणि जवळचा संडास हवा. ऊसतोडीच्या टोळ्या पोराबाळांसह येतात, त्यांना चूल मांडायला जागा लागते.

यावरून जागा ठरवा. कामापासून, पाण्यापासून आणि स्वस्त जेवणापासून पायी दहा मिनिटांच्या आत, म्हणजे साधारण ७०० ते ८०० मीटर. जवळ इंदिरा कँटीन असेल तर उत्तम.

## ३. जागा कुणाची, कागद कुणाकडं

बेळगावात शंभर पावलांत मालक बदलतो. महापालिका, कॅन्टोन्मेंट बोर्ड, रेल्वे, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ, सार्वजनिक बांधकाम खातं, हॉस्पिटल प्रशासन, देवस्थान. कॅम्पमधल्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या जागेसाठी महापालिकेकडं अर्ज केला तर सहा महिने वाया जातात. आधी नगर भूमापन कार्यालयातून उतारा काढा.

अर्ज कन्नडमध्ये करा, मराठी प्रत जोडा आणि पोच घ्या. अर्जासोबत तीन रात्रींच्या नोंदींचा एका पानाचा गोषवारा आणि हातानं काढलेला नकाशा लावा. नुसत्या मागणीपेक्षा "या चौकात पावसाळ्यात २३ माणसं झोपतात, सर्वांत जवळचा संडास ९०० मीटरवर आणि तो रात्री ९ ला बंद होतो" अशा वाक्याला उत्तर देणं अधिकाऱ्याला भाग पडतं.

बांधकामाच्या ठरावातच चालवण्याचा एक वर्षाचा खर्च लिहून घ्या. हे राहिलं तर बाकी सगळं व्यर्थ. उद्घाटनानंतर पहिला बल्ब गेला की तो बदलायला पैसे कुठल्या शीर्षकाखाली टाकायचे यावरच काम अडतं.

शेजारच्या दुकानदारांना आणि गल्लीतल्या लोकांना याच टप्प्यावर बोलवा. त्यांचा आक्षेप बहुतेक वेळा घाणीचा आणि दारूचा असतो. घाण होते ती संडास नसल्यामुळं, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. दारूबद्दल नियम काय असेल तेही त्याच बैठकीत ठरवा.

## ४. पंधरा दिवसांची कच्ची मांडणी

सिमेंट ओतण्याआधी बांबू, ताडपत्री, लाकडी फळ्या, भाड्याचा फिरता संडास आणि ५०० लिटरची टाकी एवढ्यावर जागा पंधरा दिवस चालवून बघा. फळ्या दोन-तीन दिशांनी मांडा. माणसं कुठल्या कोपऱ्यात आधी जातात, कुठला कोपरा रिकामा ठेवतात, हे रोज रात्री टिपा.

रिकाम्या कोपऱ्याला कारण असतंच. कधी तिथं ट्रकचा दिवा थेट डोळ्यावर येतो, कधी मुतारीचा वास, कधी पाणी साचतं. हे कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही. मांडणी जमलं तर जूनमध्ये करा. मेमध्ये सगळीच जागा चांगली वाटते.

तपासा: पंधराव्या दिवशी आधीच्या मोजणीतली निम्मी माणसंही आली नसतील तर पक्कं काम सुरू करू नका. पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर जा.

## ५. पक्कं काम

खालची मापं २० जणांच्या जागेची आहेत.

जोतं आणि उतार. रस्त्यापासून ४५० मिमी उंच. रस्त्यावर नवा थर पडला की उंची कमी होते, म्हणून यापेक्षा खाली नको. चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प १:१२, म्हणजे ४५० मिमी उंचीला ५.४ मीटर लांबी. गवंडी जागा वाचवायला दोन मीटरमध्ये रॅम्प संपवतो आणि मग त्यावरून खुर्ची चढत नाही, पावसात चालणाराही घसरतो. रुंदी १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा.

छप्पर. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो आणि झड आडवी मारते. पागोळीची, म्हणजे छपराच्या कडेची, उंची २.४ मीटर ठेवली असेल तर छप्पर बाहेर निदान १.२ मीटर यायला हवं आणि पश्चिमेला जमिनीपासून १.२ मीटरची भिंत हवी. तेव्हा भिंतीचा माथा आणि पागोळी यांच्यात १.२ मीटरच फट उरते आणि ४५ अंशात येणारी सरसुद्धा भिंतीच्या आत पडत नाही. भिंत त्याहून उंच करू नका. उभ्या माणसाला आतलं दिसलं पाहिजे आणि आतल्या बाईला बाहेरचं.

नुसत्या पत्र्याखाली जुलैच्या रात्री आवाजानं झोप लागत नाही आणि एप्रिलात भट्टी होते. खानापूरकडची कौलं मिळाली तर ती घाला. पत्रेच घालायचे असतील तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं आतलं छत द्या. खानापूर तालुक्यात छप्पर बाहेर १.५ मीटरपर्यंत वाढवा. अथणी-कागवाडकडं पाऊस कमी आणि ऊन जास्त, तिथं तोच पैसा सावलीची झाडं आणि मोठी पाण्याची टाकी यावर लावा.

झोपायचा कट्टा. माणशी ९०० मिमी रुंद आणि २ मीटर लांब. दहा-दहाच्या दोन ओळी, मध्ये १.५ मीटरची वाट. एकूण ९ मीटर बाय ५.५ मीटर. प्रत्येक ओळीच्या पाठीशी भिंत किंवा कठडा हवाच, कारण पायरीवर शटर जे काम करतं तेच इथं भिंत करते. दिवसा हाच कट्टा बसायला वापरला जाईल, म्हणून उंची ४५० मिमीच. वर खडबडीत शहाबादी फरशी आणि बाहेरच्या बाजूला १:६० चा उतार, एवढ्यानं पाणी निघून जातं आणि झोपलेला माणूस घसरत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दगड अंगातली ऊब ओढून घेतो. वरून अंथरायला रबरी चटया ठेवा, सकाळी उभ्या करून वाळवता येतील अशा.

बायका आणि मुलं असलेल्या घरांसाठी सहा जागा वेगळ्या, संडासाच्या वाटेच्या जवळ आणि राखणदाराच्या नजरेच्या टप्प्यात. मागच्या कोपऱ्यात "सुरक्षित" म्हणून दिलेली जागा त्या वापरत नाहीत. कोपऱ्यातून पळायला वाट नसते.

बाक. मधला दांडा वृद्धांना उठायला लागतो, असं कारण दिलं जातं. खरं आहे, हाताला आधार लागतो. त्यासाठी तीन बाकांमागे एक बाक हातांच्या सुट्या खुर्च्यांचा करा आणि दोन बाक १.८ मीटर सलग ठेवा, हात फक्त टोकांना. पट्ट्यांमध्ये १० मिमी फट, म्हणजे पाणी थांबत नाही. पॉलिश केलेला ग्रॅनाइट नको.

पाणी. माणशी हिशोब असा: पिण्याला ५, अंघोळीला २०, कपड्यांना १५, संडासाला २०, एकूण ६० लिटर. वीस जणांचे रोजचे १,२०० लिटर. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही तिथं तीन दिवसांचे ३,६०० लिटर हाताशी हवेत. दिवसा येणारे धरून ५,००० लिटरची टाकी बसवा, पिण्याची ५०० लिटरची वेगळी. नळ दोन उंचींवर, ९०० मिमी आणि ७०० मिमी. दाबून धरावा लागणारा नळ नको, एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात पोर असलेल्या बाईला तो वापरता येत नाही.

कपडे धुवायचा दगड आणि वाळत घालायला तारा द्या. तारा छपराखाली. मोठ्या चकचकीत कामांत हीच गोष्ट विसरली जाते. मग कपडे कठड्यावर वाळत पडतात आणि त्यावरूनच तक्रारी सुरू होतात.

संडास आणि न्हाणी. स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक संडासाचं माप ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक असं आहे. त्या मापानं वीस जणांना एक-एक पुरेल असं वाटतं. पहाटेचा वेळ धरला की ते कोसळतं. सगळ्यांना ५ ते ७ मध्ये उरकून कामावर जायचं असतं. एका संडासावर १२० मिनिटांत २० माणसं आली तर माणशी ६ मिनिटं, तीही रांग कधीच न तुटता. म्हणून पुरुषांचे दोन, बायकांचे दोन आणि दोन न्हाण्या. बायकांकडचा एक संडास चाकाची खुर्ची फिरेल एवढा: दार ९०० मिमी, बाहेर उघडणारं, आत १,५०० मिमीचं मोकळं वर्तुळ, भिंतीला पकडायचा दांडा.

प्रत्येक दाराआड पिशवीसाठी खुंटी आणि छोटा कप्पा, आतून कडी, बायकांकडं झाकणाची बादली. खुंटी नसली की सगळं सामान ओल्या फरशीवर ठेवावं लागतं.

सावधान: पैसे लावू नका. एका वेळचे ५ रुपये आपल्याला काही वाटत नाहीत. दिवसातून चार वेळा म्हणजे २० रुपये, महिन्याचे ६००. कचरा वेचणाऱ्या बाईला ते परवडत नाहीत. ती उघड्यावर जाते आणि दोष तिच्यावर येतो.

सामान. २४ कपाटं, ४५० बाय ४५० बाय ६०० मिमीची, दाराला जाळी, म्हणजे ओली चादर कुजत नाही आणि आत काय आहे ते पोलिसांना दार न फोडता दिसतं. कडी अशी की माणूस आपलं कुलूप लावेल. वळकटीसाठी खाली लांब खण. हातगाडीसाठी १.२ बाय २.४ मीटरची आखलेली जागा आणि काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली कडी. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात माल जप्त करताना यादी देणं बंधनकारक आहे, हे राखणदाराला आणि गाडीवाल्यांना, दोघांनाही माहीत असू द्या.

दिवे. एक मोठा फ्लडलाइट हा सगळ्यांत वाईट पर्याय. डोळे दिपतात, मागं काळोख पडतो आणि काळोखातच त्रास होतो. ३ ते ४ मीटर उंचीचे पिवळसर उजेडाचे चार-पाच खांब लावा. वाटेवर आणि संडासाच्या दारात भरपूर उजेड, कट्ट्यावर मंद आणि पायांच्या बाजूनं. रात्री बारानंतर संडासाच्या वाटेवरचा दिवा बंद होणार नाही अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी करून घ्या.

पाट्या. कन्नड, मराठी, उर्दू आणि सोबत चित्रं. पाणी कुठं, संडास कुठं, दवाखाना कुठं. खाली मोठ्या आकड्यांत ११२, रुग्णवाहिका १०८, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७. मनाईची पाटी एकच, आग आणि दारूबद्दल.

## ६. रोजचं चालवणं

राखणदार लागतोच. तीन पाळ्या, आठवड्याला २१ पाळ्या, आठवड्याची सुट्टी धरून एकाला सहा, म्हणजे चार माणसं. तिघांवर भागवलं की रविवारी रात्री संडासाला कुलूप लागतं. चौघांपैकी निदान एक बाई असावी, आणि त्याच जागी राहणाऱ्यांपैकी कुणाला हे काम पगारावर देता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. जागा राखायची कशी हे त्यांना सांगावं लागत नाही.

धुणं-पुसणं सकाळी ९ ते ११. पहाटे चारला पाइप लावून कट्टा धुणं म्हणजे माणसाला अंथरुणासकट भिजवून उठवणं. हे अनेक ठिकाणी सफाईच्या नावाखाली चालतं. कंत्राटात वेळ लिहून टाका.

ओळखपत्र मागायचं नाही. ज्याच्याकडं महाराष्ट्राचं रेशन कार्ड आहे त्याला मात्र सांगा की 'एक देश, एक रेशन कार्ड' खाली केंद्राच्या यादीतल्या कार्डावर इथल्या रास्त भावाच्या दुकानातही धान्य मिळतं. सीमेअलीकडं येऊन पडलेल्या कित्येकांना हे ठाऊक नसतं.

एखादं माणूस भान हरपलेलं, स्वतःशी बोलणारं, जखमी असेल तर त्याला हुसकू नका आणि कोठडीतही टाकू देऊ नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणं अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं काम आहे. पुढच्या उपचारांसाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. बीटवरच्या हवालदाराला हे कलम छापील कागदावर देऊन ठेवा.

तपासा: महिन्यातून एकदा रात्री दोन वाजता न सांगता जा. नळ सोडा, संडासाची कडी लावून बघा, दिवे मोजा. दिवसाच्या पाहणीचा अहवाल ग्राह्य धरू नका.

## ७. मिरवणूक, अधिवेशन, जत्रा

वर्षातले काही दिवस ठरलेले असतात: शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेशोत्सव, १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव, सुवर्ण विधानसौधमधलं हिवाळी अधिवेशन. बंदोबस्ताच्या रात्री रस्त्यावरच्या माणसांनी जायचं कुठं हे महिनाभर आधी ठरवा आणि पोलीस आयुक्तालयाला लेखी द्या. तात्पुरती जागा मूळ जागेपासून एक किलोमीटरच्या आत, सामानाची कपाटं तशीच बंद. गाडीत घालून गावाबाहेर सोडणं म्हणजे सोय नव्हे. औषधं, कामाचा नाका आणि ओळखीची माणसं, तिन्ही एका रात्रीत तुटतात.

सौंदत्तीच्या यल्लमा डोंगरावर आणि चिंचलीला जत्रेत हजारो लोक उघड्यावर झोपतात. तिथंही माणशी ९०० मिमी आणि बायकांच्या संडासाच्या वाटेवर दिवा, ही दोन मापं सोडू नका. जत्रा उठल्यावर तिसऱ्या दिवशी फेरी मारा, कुणी मागं राहिलं आहे का बघा.

## ८. पुन्हा मोजणी

एक पावसाळा आणि एक हिवाळा गेल्यावर पहिल्याच पद्धतीनं तीन रात्री मोजा, त्याच वहीत. नव्या जागेतला आकडा वाढला आणि आजूबाजूच्या पायऱ्यांवरचा घटला तर जागा चालते आहे. दोन्हीकडं घटला तर आनंद मानण्याआधी पुलाखाली, नाल्याच्या काठाला आणि यार्डाच्या मागं जाऊन या. हुसकावलेली माणसं तिथं सापडतात.

पुरुष आले पण बायका आल्या नाहीत, असं दिसलं तर आराखडा बदलायच्या आधी तीन गोष्टी बघा: संडासाच्या वाटेवरचा दिवा, दाराची आतली कडी, आणि त्या रात्री पाळीवर कोण होतं.